जिल्ह्यातले पहिले भावी नादार

भागवत वसुलीला आला की आधी अजिनाथ सरांच्या पाया पडायचा आणि मग नोटीस द्यायचा. हा क्रम त्यानं कधी चुकवला नव्हता, आणि त्याचं श्रेय सरांनाच होतं, कारण सातवी ते दहावी अशी चार वर्षं त्याला वळण लावण्याचं काम सरांनीच केलं होतं.

"सर, ही तिसरी," पाया पडून उठत भागवत म्हणाला. "शेवटचीच हाय. तीस दिवसांत भरणा न्हाई झाला तर गिरणी उचलावी लागंल. माझ्या हातात काय न्हाई, सर. वरून लई तगादा हाय."

सरांनी नोटीस वाचली. "अक्षर सुधारलंय तुझं."

"टाइप केलेली हाय सर."

गिरणी म्हणजे पिठाची गिरणी. ती सरांच्या बायकोची, मंगलची. घराच्या पुढच्या खोलीत सकाळी सातला तिचा पट्टा फिरायला लागला की सगळं घर थरथरायचं आणि त्या थरथरीवरच घर चालायचं. कारण सर ज्या शाळेत होते ती विनाअनुदानित होती आणि तिचं अनुदान गेली चौदा वर्षं वाटेत होतं. कर्ज कसं झालं याच्या खोलात शिरण्यात अर्थ नाही. थोडक्यात सांगायचं तर सरांनी तेलगावात स्पर्धा परीक्षांच्या पोरांसाठी वातानुकूलित अभ्यासिका काढली होती. साठ खुर्च्या आणल्या. पोरं तीन महिने बसली आणि मग एका आठवड्यात सगळी पुण्याला गेली. खुर्च्या राहिल्या, अकरा लाख चाळीस हजार राहिले, आणि पतसंस्थेकडं तारण म्हणून लिहून दिलेली मंगलची गिरणी राहिली.

मंगल पदरानं तोंडावरचं पीठ पुसत बाहेर आली. "खुर्च्या न्या म्हणावं की. साठ हायेत."

"काकू, खुर्च्या कुणी घेत न्हाई," भागवत मनापासून म्हणाला. "बसणारं माणूस राहिलंय कुठं गावात?" आणि तिच्याही पाया पडून गेला.

मंगलनं नोटिशीकडं बघितलंसुद्धा नाही. "तुमी काय बी करा," ती सरांना म्हणाली, "मंत्र्याकडं जा, न्हाईतर नारायणगडाला लोटांगण घालीत जा. पण माझ्या गिरणीला कुणाचा हात लागला न्हाई पायजे. एवढंच सांगते." आणि आत जाऊन तिनं बाजरी घातली.

शेजारचे तात्याबा हे सगळं भिंतीपलीकडून ऐकत होते. एसटीत कंडक्टर म्हणून एकतीस वर्षं काढल्यामुळं जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडं 'पुढं सरका' हे एक उत्तर तयार असायचं. या वेळी मात्र त्यांनी जास्तीचा विचार केलेला दिसला.

"सर, तुमी दिवाळं काढा."

"काढा म्हणजे? निघालेलंच आहे, तात्याबा."

"निघणं येगळं अन् काढणं येगळं. निघालेल्याला कुणी इचारत न्हाई. काढलेल्याला कोर्टाचा कागद भेटतो. कागद भेटला की भागवतच्या बापाला गिरणीला हात लावता येत न्हाई. मी मोबाइलवर बघितलंय. अमेरिकेत तर शिकलेली माणसं दर दहा वर्षाला काढत्यात."

सरांच्या मनाला ते पटलं. आजवर त्यांनी कर्जाकडं एक लाजिरवाणी गोष्ट म्हणून पाहिलं होतं. त्याला अर्ज, शिक्का आणि आवक क्रमांक असतो, हे कळल्यावर त्यांना एकदम माणसात आल्यासारखं वाटलं. त्यांनी फोनवर 'जवळचा दिवाळखोरीचा वकील' असं शोधलं. फोननं बराच विचार करून पहिला वकील टेक्सासचा दाखवला. त्याला पावणेपाच तारे होते, आणि तो आत्ता बंद होता. दुसरा बीडचा होता.

बीडला जाणारी एसटी वडवणीत अर्धा तास थांबली, तरी सर अकराच्या आत त्या पत्त्यावर पोहोचले. तिथं रसवंती होती.

"वकील बघताय व्हय?" चरकवाला म्हणाला. "रोज एक तरी येतो. वरच्या मजल्यावर होते. पण भाडं थकलं म्हणून मालकानं काढलं. बसा. हाफ का फुल?"

दिवाळखोरीच्या वकिलालाच घराबाहेर काढलं म्हटल्यावर सरांनी हाफ घेतला.

मग ते कोर्टात गेले. आवारातल्या लिंबाखाली टेबलं मांडून बसलेल्या वकिलांना त्यांनी एकेक करून विचारलं. कुणी जमिनीची मोजणी करायचं, कुणी घटस्फोट, कुणी मोटार अपघात. दिवाळं म्हटलं की सगळे शेजारच्या टेबलाकडं बोट दाखवायचे, आणि अशा रीतीनं सर त्या लिंबाला दोन प्रदक्षिणा घालून आले. एका वकिलानं तेवढी आपुलकी दाखवली. "सर, तुमच्याकडं एखादा खून-बिन असता तर आज संध्याकाळपर्यंत जामीन करून दिला असता," तो हळहळून म्हणाला. आपल्याकडं खून नाही याची सरांना आयुष्यात प्रथमच खंत वाटली.

शेवटी विजयसिंह वकील भेटले. घरची सव्वीस एकर बागायत असल्यामुळं ते वकिली निव्वळ आवड म्हणून करत, आणि त्यामुळं त्यांच्याकडं वेळ भरपूर होता. त्यांनी सरांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि डॉक्टर जसा एक्स-रे उजेडासमोर धरतो तशी नोटीस उन्हात धरली.

"हे बघा सर, तुमच्यापुढं चार रस्ते हायेत. एक, एकरकमी तडजोड. साठ टक्के एकदम भरायचे, बाकीचे माफ."

"एकरकमी असते तर मी इथं कशाला आलो असतो?"

"बरोबर. दोन, पुनर्गठन. म्हणजे जुनं कर्ज नवं करून घ्यायचं. हप्ता कमी होतो, पण वर्षं वाढत्यात. तुमचं वय?"

"बेचाळीस."

"मग तुमच्या नातवापर्यंत जातंय. तीन, लोकअदालत. तिथं दोन्ही पार्ट्यांना समोरासमोर बसवून मिटवत्यात. चांगली असती. पण ती तीन महिन्यांनी हाय."

"गिरणी तीस दिवसांत जाणार आहे."

"मग राहिला चौथा." विजयसिंहांनी मागच्या कपाटातून एक पुस्तक काढलं. त्याला वाळवीनं एका बाजूनं वाचत आणलं होतं. "नादारी. एकोणीसशे वीसचा कायदा. आमच्या वडिलांनी घेऊन ठेवला होता, कधी उघडायची पाळी आली न्हाई."

कायद्याच्या भाषेत दिवाळखोराला नादार म्हणतात. सरांना शब्द आवडला. दिवाळखोर म्हटलं की माणूस पळून गेलेला वाटतो. नादार म्हटलं की निदान शायर वाटतो. त्या साली आपला मुलूख निजामात होता, म्हणजे हा कायदाही इकडं उशिराच आला असणार, हे सरांच्या लगेच लक्षात आलं. पण तो निदान आला तरी होता. अनुदानाचं तसं नव्हतं.

"पाचशे रुपयांच्या वर कर्ज असलं की अर्ज करता येतो," विजयसिंह वाचून म्हणाले.

"माझं अकरा लाख चाळीस हजार आहे."

"मग बसतंय आपलं. अन् नादाराची हत्यारं, भांडी, अंथरूण-पांघरूण याला कुणाला हात लावता येत न्हाई." सरांचा चेहरा उजळला. वकिलांनी पान उलटलं. "तीनशे रुपयांपर्यंत."

"गिरणी एक लाख ऐंशी हजारांची आहे."

"एकोणीसशे वीसच्या भावानं सांगायची की." थोडा विचार करून ते म्हणाले, "ते बघू. आधी आपण गिरणीला तात्पुरतं संरक्षण मागू. निकाल लागंपर्यंत कुणी उचलू नये म्हणून. माझी फी आठ हजार, आगाऊ. वाईट वाटून घेऊ नका, पण पार्टी दिवाळखोर असल्यावर उधारी ठेवता येत न्हाई."

कंगाल ठरायलाही आधी पैसे लागतात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. सरांनी आठ हजार तात्याबांकडून हातउसने घेतले आणि कायद्याप्रमाणं ज्यांचं देणं आहे त्यांच्या यादीत त्यांचं नाव लिहिलं. तात्याबा भडकले.

"माझं नाव कोर्टात? गाव म्हणंल तात्याबा सावकारी करतोय!"

"सगळी देणी दाखवावीच लागतात."

"मग मी दिलेच न्हाईत, असं लिहा."

"मग परत करायला नकोत ना?"

तात्याबांनी सुट्ट्या पैशांचा हिशेब लावावा तसा बराच वेळ आकाशाकडं बघून हिशेब लावला. "लिहा," ते शेवटी म्हणाले. "पण सगळ्यात वर लिहा."

अर्ज दाखल करताना कोर्टातल्या कारकुनाची पंचाईत झाली. असा अर्ज कुठल्या रजिस्टरात घ्यायचा, हे त्याला सापडेना. तीन कपाटं उघडून, दोनदा शिंकून तो म्हणाला, "तीस वर्षं झाली मला नोकरीला. जिल्ह्यात हा पहिलाच बघतोय."

वाक्य साधं होतं. पण विजयसिंह वकिलांनी ते अभिमानानं चहाच्या टपरीवर सांगितलं, आणि सरांची एसटी वडवणी सोडायच्या आत ते तेलगावात सटवाच्या कानावर पोहोचलं होतं.

सटवा हा सरांचा चुलतभाऊ. फाट्यावर त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. आपल्या जिल्ह्यात माणूस जन्मला, पास झाला, निवडून आला, पडला, परत आला किंवा नुसता वाढदिवसापर्यंत टिकला, तरी फ्लेक्स लागतो. हे सगळं ज्याच्या हातून गेलंय तो सटवा घरातलाच माणूस जिल्ह्यात पहिला आल्यावर गप्प बसेल, ही अपेक्षाच चुकीची होती.

"दादा, तुमी सांगितलं बी न्हाई!"

"सटवा, यात सांगण्यासारखं काही नाही. कर्ज फिटत नाही असा अर्ज आहे तो."

"मला कळतंय की. मी काय येडा हाय? पण पहिला तो पहिला. गावात कर्ज कुणाला न्हाई? पण कोर्टात जाऊन छातीठोक सांगितलं कुणी? आँ? तुमी रस्ता दाखवला, दादा."

"अजून कोर्टानं काही ठरवलेलं नाही."

"मग 'भावी' लिहितो."

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरासमोरच्या खांबावर पंधरा बाय दहाचा फ्लेक्स होता. 'हार्दिक अभिनंदन! तेलगावचे भूषण, आमचे मार्गदर्शक, मा. अजिनाथ सर, जिल्ह्यातील पहिले भावी नादार.' खाली शुभेच्छुक म्हणून अठ्ठावीस फोटो. मधोमध सर हात जोडून उभे, डोक्याला फेटा, गळ्यात बोटाएवढी सोन्याची चेन आणि उजव्या हाताच्या चार बोटांत अंगठ्या.

मंगल दळण थांबवून बाहेर आली. बराच वेळ तिनं वर बघितलं. "चेन कुणाची हाय?"

"कॉम्प्युटरची," सर खालच्या आवाजात म्हणाले. "सटवा म्हणतो गळा मोकळा दिसत होता."

"माझा बी मोकळाच हाय," मंगल म्हणाली आणि आत गेली. तिचं मंगळसूत्र अभ्यासिकेच्या दुसऱ्या एसीत गेलं होतं.

इथं सरांनी तो फ्लेक्स उतरवायला हवा होता. पण खरं सांगायचं तर त्यांनी रस्ता निर्मनुष्य असताना तो दोनदा वाचला. चौदा वर्षांत शाळेनं त्यांना साधं गुलाबाचं फूल दिलं नव्हतं. आणि फोटोत ते वाईट दिसत नव्हते.

त्याच आठवड्यात गावात हरिनाम सप्ताह होता. काल्याच्या दिवशी मांडवात दीड हजार माणूस बसलेलं. शाळेची नवी वर्गखोली बांधणारे ठेकेदार, पोलिसात लागलेली दोन पोरं, असे सत्कार चालले होते. प्रत्येकाला शाल, नारळ आणि फेटा. आणि ज्याच्या अंगावर शाल पडली त्यानं माइक हातात घेऊन काल्याच्या पंगतीसाठी आकडा बोलायचा, ही गावाची रीत. ठेकेदार एकवीस हजार बोलला. नुकती नोकरी लागलेली पोरंसुद्धा पाच-पाच हजार बोलली.

"आता आपल्या सर्वांचे मार्गदर्शक..." माइकवर सटवाच होता.

सर उठले ते फक्त नको म्हणायला. पण उठलेल्या माणसाला मागच्यांनी पुढं ढकललं, पुढच्यांनी वर ओढलं, आणि कुणीतरी खांद्यावर शाल टाकली. शाल उबदार होती. हातात माइक आला. समोर दीड हजार माणूस गप्प. त्यात निम्मे सरांचे विद्यार्थी. अगदी पुढं भागवत हात जोडून बसलेला. सरांनी ठरवलं, सरळ सांगायचं, माझ्याकडं काही नाही, म्हणूनच तर मी इथं आहे. त्यांनी तोंड उघडलं.

"अकरा हजार," तोंड म्हणालं.

टाळ वाजले. बायकांच्या बाजूला मंगल बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही.

चोविसाव्या दिवशी कोर्टात तारीख होती. गाव सरांच्या पाठीशी होतं. ते दाखवायला सटवानं दोन जीपगाड्या भरून माणसं आणली, त्यामुळं भावी नादार वातानुकूलित गाडीतून उतरताना पतसंस्थेच्या वकिलानं फोटो काढून घेतला. ते वकील सावकाश बोलायचे. त्यांनी फ्लेक्सचा फोटो दाखल केला.

न्यायाधीशांनी चष्मा लावून तो पाहिला. "ही चेन?"

"साहेब, ती कॉम्प्युटरची आहे," सर म्हणाले.

"अंगठ्या?"

"त्याही."

मागून सटवा अदबीनं म्हणाला, "पाच होत्या साहेब. अंगठ्याची मीच काढली, जास्त वाटत होती म्हणून."

मग त्या वकिलांनी मोबाइल काढला. कोर्टभर आधी टाळ वाजले, आणि मग सरांचाच आवाज आला, खणखणीत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा: "अकरा हजार."

न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "गिरणीला संरक्षण द्यावं असं मला वाटत होतं. पण तुम्ही म्हणता घरात खायला नाही, आणि इथं तुम्ही अकरा हजारांची पंगत देताय. मला एकच सांगा. ही घोषणा खरी, की तुमचा अर्ज खरा?"

विजयसिंहांनी टेबलाखालून सरांचा पाय दाबला. नुसतं एवढंच म्हणायचं होतं की साहेब, ती घोषणा खोटी होती, पैसे देणं मला जमणार नाही. गिरणी वाचत होती. सरांनी मागं वळून पाहिलं. दोन जीपगाड्या भरून माणूस बाकावर बसलेलं. तात्याबा. सटवा. ज्यांना खोटं बोलू नये म्हणून त्यांनी छड्या मारल्या होत्या असे अकरा जण. आणि दाराशी मंगल, पदराला पीठ लागलेली, जिनं आयुष्यात प्रथम कोर्ट पाहिलं होतं. ती सरांकडं बघत होती आणि बारीक मान हलवत होती. म्हणा, अशी.

"घोषणा खरी आहे साहेब," सर म्हणाले. "मी देणार आहे."

मागून एक जण "वा!" म्हणाला. पट्टेवाल्यानं त्याला गप्प केलं.

संरक्षण नामंजूर झालं. नादारीच्या अर्जाला दीड महिन्यानंतरची तारीख मिळाली. बाहेर आल्यावर माणसं सरांचा हात हातात घेऊन सांगत होती की शब्दाचा माणूस आता बघायला मिळत न्हाई. मंगल जीपमध्ये बसली नाही, एसटीनं निघाली. सर तिच्या मागं चढले. वडवणीला गाडी अर्धा तास थांबली, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"त्या साहेबानं तुमाला काय अवघड इचारलं नव्हतं."

 गाडी सुटली.

एकतिसाव्या दिवशी भागवत टेम्पो घेऊन आला. पाया पडला. या वेळी तो जरा जास्त वेळ वाकून राहिला. चार माणसांनी बोल्ट सोडले, पट्टा काढला, दळायचे दगड उचलले. मंगलनं तेवढ्यात आतलं उरलेलं पीठ ब्रशनं झाडून डब्यात घेतलं. ते लोकांचं होतं. पंचनाम्यावर पंच म्हणून गावातल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींच्या सह्या लागत होत्या. गल्लीत सगळी दारं लागलेली. "सर, नियमात बसलं असतं तर तुमचीच घेतली असती," भागवत म्हणाला. "तुमच्याइतकं प्रतिष्ठित दुसरं कोण हाय?" शेवटी तात्याबांनी एक सही केली. दुसरी सटवानं केली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि फ्लेक्सचे साडेतीन हजार यायचे होते.

टेम्पोला ताडपत्री नव्हती. गिरणीत अडकलेलं पीठ वाऱ्यानं उडायला लागलं. ड्रायव्हरनं इकडंतिकडं बघितलं, खांबावर चढला आणि फ्लेक्स सोडला. "माल जाड हाय," तो कापड चाचपत म्हणाला. त्यानं तो गिरणीवर टाकला आणि चारी कोपरे दोरीनं बांधले. टेम्पो निघाला. त्यावर सर होते, फेटा बांधलेले, चार अंगठ्या घातलेले, हात जोडून सगळ्या गावाला नमस्कार करत चाललेले. गचके बसले की त्यांचं पोट हलायचं. खालचे सर ओट्यावरून ते बघत उभे होते.

समोरून छबुबाई कमरेवर ज्वारीचा डबा घेऊन आली. ती वस्तीवर राहायची, गावातलं तिला दोन दिवसांनी कळायचं. टेम्पोतल्या सरांना तिनं डबा सावरत एका हातानं नमस्कार केला.

"अगं मंगल, सर उभे राहिले व्हय?"

मंगलनं टेम्पोकडं पाहिलं. मग खोलीतल्या चार मोकळ्या बोल्टांकडं. मग भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्यांकडं.

"व्हय."

"सांगायचं तरी बाई! चिन्ह काय भेटलं?"

"खुर्ची," मंगल म्हणाली.

"येत्यात मग निवडून," छबुबाई म्हणाली. तिनं डबा ओट्यावर नंबरात ठेवला, साठातली एक खुर्ची ओढली आणि दळणाची वाट बघत बसली.

तिला सांगायचं कुणी, हा प्रश्न होता. सरांनी माइक हातात आल्यासारखा एकदा घसा साफ केला. मग त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्या मागं नंबर धरून बसले.